रबराच्या मिलवरच्या मामांना

ती. मामा,
सा. न. वि. वि.

रबराचे रेणू विजेच्या दाबाखाली कसे हलतात, यावरचा माझा प्रबंध जमा झाला. आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एक ओळ आली, तीही इंग्रजीत. तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र मराठीत आणि चारचौघांत लिहितेय.

भोसरीच्या शेडमध्ये तुम्ही विचारलं होतं, "रबरातसून करंट जाणाच नाय, मगे तू मोजतंस काय गो?" दोन रोलांमध्ये रबर मळणाऱ्या तुमच्या मिलच्या आवाजात नीट बोलता आलं नाही. इतका नेमका प्रश्न मला इतर कुणीच विचारला नव्हता, तेव्हा आधी त्याचं उत्तर देते.

करंट जात नाही हे खरंच. पण रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीन नावाच्या छोट्या रेणूच्या हजारो कड्यांची साखळी, आणि प्रत्येक कडीत धन-ऋण भार किंचित इकडेतिकडे सरकलेले असतात. दोन धातूच्या चकत्यांमध्ये रबराची पातळ चकती ठेवून उलटसुलट होणारा विद्युतदाब दिला, की कड्या त्या दिशेनं वळू बघतात. दाबाची दिशा कुठल्या वेगानं बदलली की त्यांना वळणं झेपेनासं होतं, ते आमचं यंत्र टिपतं आणि आलेखात तिथं एक उंचवटा दिसतो. त्यावरून रेणू किती चपळ आहे ते कळतं.

यात नैसर्गिक रबर फार भाग्याचं आहे. त्याच्या कड्यांतल्या भारांच्या या सरकण्याचा काही हिस्सा साखळीच्या लांबीच्या दिशेनं असतो आणि टोकापासून टोकापर्यंत बेरीज होत जातो. त्यामुळे चार-दोन कड्यांची वळवळ दिसतेच, शिवाय अख्ख्या साखळीची हालचालही दिसते. बहुतेक पॉलिमरांत, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांत, ही दुसरी गोष्ट विजेच्या मोजणीत दिसतच नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॉकमायर यांनी १९६७ मध्ये पॉलिमरांचं या अंगानं वर्गीकरण केलं, आणि १९८०च्या दशकात ओसाकाच्या अदाची आणि कोटाका यांनी पॉलिआयसोप्रीनवर, म्हणजे याच आयसोप्रीनच्या साखळीवर, ते बारकाईनं मोजून दाखवलं.

कड्यांची वळवळ उणे ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, म्हणून रबर थंड करायला मला द्रव नायट्रोजन लागायचा. अख्खी साखळी मात्र शेजारच्या साखळ्यांच्या गर्दीतून, गवतातून साप सरकावा तशी, फार सावकाश सरकते. हे चित्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. साखळी दुप्पट लांब झाली की तिला लागणारा वेळ साधारण दहापट होतो. आता बघा, तुमचे रोल काय करतात? ते साखळ्या तोडतात. रोलभोवती पट्टा बांधून कच्चं रबर जितका वेळ फिरेल, तितक्या साखळ्या आखूड. तुम्ही प्रत्येक बॅचची वेळ आणि रोलमधली फट शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवायचात. त्या खडूच्या आकड्यांशिवाय माझ्या आलेखातले उंचवटे का सरकले हे मला सांगता आलं नसतं. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पाया ते दार आहे.

आणि कच्च्या रबराच्या शीटचं ओलेपण! दोडामार्गहून तुम्ही आणवलेली शीट मिलवर टाकण्याआधी तुम्ही सुरीनं कड कापलीत आणि ट्यूबलाइटसमोर धरलीत. बाकीचं सगळं मधासारखं पारदर्शक, आणि मध्ये तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके. "ओला हा, आज नको," म्हणून शीट परत टांगलीत. माझ्या कामात याची किंमत फार मोठी आहे. रबरात थोडी प्रथिनं आणि क्षार असतातच. त्यात ओलावा राहिला की आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सरकू लागतात. तापमान वाढवून विद्युतदाबाची दिशा सावकाश बदलली की ही गळतीच इतकी दिसते, की साखळीच्या हालचालीचा उंचवटा तिच्याखाली बुडून जातो. तुमच्या कोरड्या शीटमध्ये तो स्वच्छ उभा राहिला.

सल्फर शेवटी घालायचा, रोल तापले असतील तर थांबायचं, हा तुमचा दंडकही कामी आला. मिलवरच क्युअर सुरू झालेलं, म्हणजे सल्फरनं आधीच पक्कं होऊ लागलेलं, मिश्रण मला कधी मिळालं नाही. नंतर गरम प्रेसमध्ये सल्फरनं साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्यावर ती सापासारखी चाल बंद पडते, कड्यांची वळवळ तेवढी उरते, जरा मंदावून. आधीचं आणि नंतरचं रबर एकाच हातचं असल्यामुळे हा फरक निःशंकपणे लिहिता आला.

तुमचा पुतण्या वायरमन आहे, त्याच्या हातमोज्यांबद्दल तुम्ही काळजीनं विचारलं होतंत. १००० व्होल्टपर्यंतचे मोजे ० क्लासचे असतात, तो क्लास मोज्यावर छापलेला असतो. त्याहून जास्त विद्युतदाबाला ते घालायचे नाहीत. रबर चांगलं असलं तरी ओल, घाम, उन्हानं आणि ओझोननं पडलेल्या बारीक चिरा घात करतात. घालण्यापूर्वी मोज्यात हवा कोंडून, मनगटाकडून गुंडाळत, कुठं सुटते का ते रोज बघायला सांगा. घडी घालून ठेवू नयेत, आणि ठरल्या मुदतीला विद्युत चाचणी चुकवू नये.

मिलच्या वेळेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, तुमच्या मालकांनीही दुपारच्या सुट्टीत मिल मला देऊ केली. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पुढचं काम कार्बन ब्लॅकचं, म्हणजे रबरात मिसळायच्या काजळीसारख्या पुडीचं आहे. थोडा कार्बन घातला तर रबर रोधकच राहतं, आणि एका प्रमाणापुढे कण एकमेकांना टेकून वाट तयार झाली की करंट जायलाच लागतो. ती सीमा कुठं येते हे कार्बन किती सारखा मिसळला यावर ठरतं, म्हणजे पुन्हा तुमच्यावर. शेड काळी होईल, माहीत आहे. दिवाळीनंतर चालेल का, ते कळवा. शीट या वेळी मीच दोडामार्गहून घेऊन येते.

तुमची,
पुण्याची भाची