शनिवारच्या वॉर्डातल्या शूटिंगसाठी आठवण

मित्रमैत्रिणींनो, शनिवारी सकाळी साडेनऊला परळ स्टेशनबाहेर भेटू. सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना, त्यासाठी वॉर्डातल्या मुलांसोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ करतोय.

सर्दी-खोकला, ताप असेल किंवा घरात कुणाला कांजिण्या असतील, तर कृपया येऊच नका. वाईट वाटून घेऊ नका, पण केमोथेरपीत मुलांच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. आपली साधी सर्दी त्यांना फार महागात पडते. मास्क लावायचा, हात धुवायचे, ट्रायपॉड-माइक पुसूनच आत न्यायचे. फुलं आणि टेडीही नकोत.

आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय एकही शॉट घ्यायचा नाही. आणि सही असली तरी मूल नको म्हणालं की कॅमेरा बंद. केसपेपर, मनगटावरचा नावाचा पट्टा फ्रेममध्ये येऊ देऊ नका. मोबाइलवर स्टोरी तर मुळीच नको.

गोष्ट मुलंच रचणार आहेत. गेल्या भेटीत एका चिमुरडीने सलाइनच्या स्टँडचा राक्षस केला होता! कॅमेरा थोडा वेळ तिच्याच हाती द्यावा असं मला मनापासून वाटतं.

आत एका वेळी चौघांनाच सोडतील, म्हणून नावं आज रात्रीपर्यंत कळवा.