वर्गणी नाकारण्याचा हक्क, पण खिशाला सूट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशांतील कामगार कायद्यांविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात असे म्हटले आहे की, धर्माचे कारण पुढे केले की अमेरिकेतल्या कामगाराची युनियनचे सभासदत्व आणि वर्गणी या दोन्हींतून सुटका होते. लेखकाने हा विषय एका ओळीत उरकला आहे आणि त्यामुळे तिथला कामगार देवाच्या नावावर पैसे वाचवतो, असा वाचकाचा ग्रह होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे युनियनचा खजिनदार होतो. वर्गणी न देण्याची नाना कारणे मी ऐकली आहेत, त्यामुळे या ओळीत काय राहून गेले ते सांगणे मला गरजेचे वाटते.

आधी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत एखाद्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांनी युनियन निवडली की ती तिथल्या सर्वांच्या वतीने बोलणी करते. सभासद असो वा नसो, करारातली पगारवाढ सर्वांना मिळते आणि सभासद नसलेल्याचीही बाजू प्रामाणिकपणे मांडणे युनियनवर बंधनकारक असते. त्यामुळे फायदा सर्वांना मिळत असेल तर खर्चही सर्वांनी उचलावा, असे कलम युनियन मालकाशी होणाऱ्या करारात घालून घेते. आधीपासून सभासद असलेल्यालाच कामावर घेण्याची पद्धत १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने बंद केली, पण रुजू झाल्यावर तीस दिवसांनी वर्गणी सुरू करण्याची अट घालायला मुभा ठेवली. शिवाय अशी अट आपल्या हद्दीत चालू द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. आज सव्वीस राज्यांत ती चालत नाही. उरलेल्या राज्यांत खासगी नोकरीतल्या माणसाने वर्गणी किंवा तिच्याऐवजी ठरलेले शुल्क भरले नाही, तर त्याची नोकरी जाऊ शकते. सरकारी नोकरांची या सक्तीतून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जेनस खटल्यातील निकालाने पूर्ण सुटका झाली. तो वाद वेगळा आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही.

या सक्तीला धर्माच्या आधारे हरकत घेणाऱ्यांत सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक पुढे होते. पुणेकरांना हा पंथ औंध रस्त्यावरच्या स्पायसर संस्थेमुळे माहीत आहे. शनिवार पाळणारे, मांसाहार आणि मद्य टाळणारे लोक ते हेच. १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झालेल्या या पंथाची युनियनबद्दलची भूमिका जुनी आहे. श्रद्धावंताने इतरांबरोबर अशा जुवाखाली मान देऊ नये की जिथे त्याच्या वागण्याचा निर्णय दुसरेच घेतील, असे ते बायबलच्या आधारे मानतात. संप, बहिष्कार, गेटवरची अडवणूक हे सारे त्यांना दुसऱ्यावरच्या बळजबरीसारखे वाटते. मला स्वतःला हे पटत नाही, कारण संपाशिवाय आमच्या कारखान्यात कॅन्टीनसुद्धा झाले नसते. पण न पटणारी श्रद्धा खोटीच असते, असे म्हणायला मी तयार नाही.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९७४ मध्ये ना-नफा रुग्णालयांनाही कामगार कायद्याखाली आणले, तेव्हा रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांपुरती धार्मिक हरकतीची सवलत दिली आणि १९८० च्या डिसेंबरमध्ये ती सर्व क्षेत्रांतील कामगारांना लागू केली. राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याच्या कलम १९ मध्ये ती आहे. सवलत मिळालेल्या कामगाराला युनियनला पैसे द्यावे लागत नाहीत, परंतु वर्गणी आणि प्रवेश शुल्काइतकीच रक्कम एखाद्या धर्मादाय निधीला देण्याची अट करारात घालता येते. तो निधी धार्मिक चालत नाही आणि कामगार संघटनेचाही चालत नाही. करारात अशा किमान तीन निधींची यादी असते व त्यांतला एक कामगाराने निवडायचा असतो. यादीच दिलेली नसेल तर निवड सर्वस्वी त्याची. पुढे त्याच कामगाराने स्वतःच्या तक्रारीसाठी युनियनला लवादापर्यंत जायला सांगितले, तर त्या कामाचा वाजवी खर्च त्याच्याकडून घेण्याची मुभा युनियनला आहे.

आपल्या लेखातून नेमका हाच भाग गळला आहे. निधी धार्मिक नसावा या अटीमुळे पैसे कामगाराच्या स्वतःच्या चर्चकडे जात नाहीत, म्हणजे त्याने एरवी केलेल्याच दानावर ही रक्कम खपवली जात नाही. पगाराच्या दिवशी त्याच्या आणि शेजारच्या यंत्रावरच्या सभासदाच्या खिशातून सारखेच पैसे जातात. ज्याला पैसेच वाचवायचे आहेत त्याला या सवलतीचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे एखाद्याची श्रद्धा खरी की बनावट, हे शोधण्याची उठाठेव बऱ्याच अंशी वाचते. खोटे बोलून काही हाती लागत नसेल तर खोटे बोलणारे आपोआप कमी होतात. आमच्याकडे दर महिन्याला एक तरी गडी वर्गणीच्या टेबलापाशी येऊन "या वेळी घरात आजारपण आहे" म्हणायचा, आणि त्यात खरे किती व बहाणे किती, हे ओळखण्यात माझी अर्धी दुपार जायची. तिथे कलम १९ सारखी सोय असती, तर हरकत असलेल्याला मी एवढेच म्हटले असते की तेवढीच रक्कम कुष्ठरोग्यांच्या संस्थेला भर आणि पावती आणून दाखव.

युनियनचा तोटा होतो, हे मात्र नाकारता येणार नाही. पैसे धर्मादाय कामाला गेले तरी बोलणी करण्याचा, वकिलाचा, कार्यालयाच्या भाड्याचा खर्च उरलेल्यांवरच पडतो. पण नोकरीतला भेदभाव रोखणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे अशीच सोय मागणाऱ्या अ‍ॅडव्हेंटिस्ट कामगारांच्या टूली खटल्यात १९८१ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा भार असह्य मानला नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. हरकत घेणारे मोजकेच राहतात तोवर तोटाही मोजकाच राहतो आणि ते मोजके राहावेत याची तजवीज वर सांगितलेल्या अटीतच आहे.

माझी हरकत कलम १९ च्या दुसऱ्या भागाला आहे. ज्या धर्माने किंवा पंथाने युनियनला पूर्वापार विरोध केला आहे, त्याच्या सभासदालाच ही सवलत मिळते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे माणसाच्या सचोटीआधी त्याच्या पंथाचा इतिहास तपासायचा. १९९० मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने विल्सन खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले, ते याच कारणासाठी. सरकारने काही पंथांना मान्यतेचा शिक्का द्यावा आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडावे, हे अमेरिकी राज्यघटनेत बसत नाही. तो निकाल ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या चार राज्यांपुरताच बंधनकारक आहे. पण देशभर नागरी हक्क कायद्याचा दुसरा मार्ग खुला आहे. १९६४ च्या त्या कायद्यात १९७२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करावी लागते, आणि तिथे पंथाचा दाखला मागितला जात नाही. सोय नाकारण्यासाठी मालकाला किती मोठी अडचण दाखवावी लागेल, याचा निकष १९७७ च्या हार्डिसन निकालानंतर फारच सैल झाला होता. तो २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉफ खटल्यात पुन्हा कडक केला.

या दोन मार्गांतला फरक डेट्रॉइट विद्यापीठातल्या एका कॅथलिक प्राध्यापकाच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. त्यांची स्थानिक युनियन ज्या राज्य व राष्ट्रीय शिक्षक संघटनांशी संलग्न होती, त्या गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देत होत्या. वरच्या संघटनांकडे जाणारा वाटा वगळून उरलेली रक्कम द्या, असे त्यांना सांगण्यात आले; परंतु मुळात त्या संघटनांशी संबंधच नको, अशी त्यांची भूमिका होती. १९९० मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. गंमत अशी की कॅथलिक चर्चने युनियनला कधी पूर्वापार विरोध केलेला नाही. उलट १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या संघटनांना जाहीर पाठिंबा दिला होता. कलम १९ च्या कसोटीवर हे प्राध्यापक नापास झाले असते.

आणि ज्याला देवच मान्य नाही, त्याचे काय? ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार तीव्रतेने पुढे आला. १९७५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने तीन युनियनांशी करार करून सर्व कर्मचाऱ्यांना सभासदत्व सक्तीचे केले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक हरकतीशिवाय दुसरे कोणतेही कारण चालत नव्हते. यंग, जेम्स आणि वेब्स्टर या तीन कर्मचाऱ्यांनी नकार दिला, त्यांची हरकत धर्माची नव्हती, आणि १९७६ मध्ये त्यांच्या नोकऱ्या गेल्या. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या दहाएक वर्षांत ब्रिटनने कायदे बदलत ती पद्धतच मोडीत काढली. युनियनवाला म्हणून मला या शेवटाचे दुःख आहे. धर्मापलीकडच्या सदसद्विवेकालाही वेळीच जागा दिली असती आणि त्याची किंमत धर्मादाय निधीत वसूल केली असती, तर सगळी इमारत पाडण्याचे निमित्त विरोधकांना इतक्या सहज मिळाले नसते.

महाराष्ट्राला या सगळ्याशी काय देणेघेणे? थेट फारसे नाही. आपल्याकडे सक्तीची वर्गणी नाही; संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे आणि पगारातून वर्गणी कापायची तर कामगाराची संमती लागते. सक्ती झाली ती प्रतिनिधित्वाची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. ती कहाणी वाचकांना माहीत आहे.

मात्र सदसद्विवेकाचा एक प्रश्न आपल्या युनियनांच्या हिशेबवहीत कायम पडून आहे. खंडेनवमीची यंत्रपूजा, वर्षाची सत्यनारायणाची पूजा आणि गणपती यांचा खर्च अनेक ठिकाणी युनियनच्या सामान्य निधीतून होतो. आमच्या मशीन शॉपमधल्या बौद्ध सहकाऱ्यांनी एका पगाराच्या दिवशी टेबलाशी येऊन सांगितले की वर्गणी आम्ही एक दिवसही थकवणार नाही, पण तिच्यातला पैसा पूजेला लावू नका. १९५६ मध्ये नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि हे लोक त्या पाळणारे होते. संपाच्या काळात गेटवर सर्वांत आधी उभे राहणारेही तेच. कार्यकारिणीत "आमच्या देवाचे यांना एवढे वावडे का" इथपासून "मग उद्या ख्रिश्चनही येतील" इथपर्यंत सगळे बोलून झाले. शेवटी पूजेसाठी वेगळे पावती पुस्तक छापले. ज्याला द्यायचे त्याने त्यावर द्यावे आणि युनियनच्या पुस्तकातला पैसा युनियनच्याच कामाला जावा, असे ठरले. दुसऱ्या पुस्तकावर पैसे जमले आणि पूजाही झाली.

कायद्याने आम्हाला हे करायला भाग पाडले नव्हते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सामान्य निधी कशावर खर्च करता येईल, त्याच्या यादीत सभासदांच्या शैक्षणिक व सामाजिक लाभांबरोबर धार्मिक लाभही होते. त्याच कायद्याने राजकीय कामासाठी मात्र स्वतंत्र निधी ठेवायला सांगितले, त्यात पैसे देण्याची सक्ती करू नये असे म्हटले आणि न देणाऱ्याला युनियनमध्ये कमीपणा येऊ देऊ नये, अशीही तजवीज केली. पक्षाच्या प्रचाराला पैसे द्यायचे की नाही हे सभासदावर सोडणारा कायदा पूजेच्या बाबतीत गप्प राहिला, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. आता त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे आणि स्वतंत्र राजकीय निधीची तरतूद तिच्यातही आहे.

नव्या संहितेच्या निमित्ताने युनियनांना आपापल्या घटना पुन्हा तपासाव्या लागतील. त्या वेळी धार्मिक खर्चालाही राजकीय निधीचाच नियम लावावा. मृत सभासदाच्या अंत्यविधीला, तो त्याच्या ज्या धर्माचा असेल त्याप्रमाणे, सामान्य निधीतून मदत जरूर द्यावी. त्याला कोणाची हरकत असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पूजा, उरूस, नाताळ यांची वर्गणी वेगळ्या पावतीवर घ्यावी, तिचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेत वेगळा मांडावा, आणि ती न देणाऱ्याला कोणत्याही पदाच्या निवडणुकीला उभे राहण्यापासून रोखता येणार नाही, हे घटनेतच लिहून टाकावे.

आपला,
एक निवृत्त युनियन कार्यकर्ता, ठाणे