माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरच्या बाबांना, भूतानबद्दल

कोलकाता,
१४ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही "माणशी बाराशे, आणि तेही दर रात्रीचे? राहायचे नाहीत, जेवायचे नाहीत, मग कसले?" एवढं बोलून फोन आईकडे दिलात. आईने कोथिंबिरीच्या भावापासून सुरुवात केली आणि भूतानच्या सहलीचा विषय बुडाला. म्हणून पत्र लिहितेय. पत्र तुम्हाला मधेच आईकडे देता येत नाही.

तुमचा आकडा बरोबर आहे. भूतानमध्ये भारतीय पाहुण्याला माणशी दर रात्री १,२०० रुपये सरकारला द्यावे लागतात. हॉटेल, गाडी, जेवण सगळं वेगळं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा ओवीचे सहाशे भरले, तर तिने पावती मागून घेतली. आजोबांना दाखवायची म्हणे. नाक्यावरच्या माणसाची नात शोभते.

पण हेही ऐका. आपल्या शेजारी उभा असलेला जर्मन किंवा जपानी पाहुणा त्याच रात्रीचे १०० डॉलर भरतो, म्हणजे आपल्या सात-आठ पट. २०२२ साली तर ते २०० डॉलर होते. आपल्याला आधी काहीच भरावं लागत नसे. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या लोकांना माफी होती. ती २०२० च्या कायद्याने गेली, पण तेव्हा कोविडने दारंच बंद होती. २३ सप्टेंबर २०२२ ला दारं उघडली तेव्हापासून आपल्याला खरी झळ लागली.

माफी का काढली, हे तुम्हाला दुसऱ्या कुणी समजावायची गरज नाही. तुम्ही दस्तुरी नाक्यावर माथेरानच्या प्रवेशाच्या पावत्या फाडत उभे असायचात, मे महिन्यातल्या शनिवारी रात्री घरी आल्यावर बोलायचंही त्राण नसायचं तुमच्यात. त्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. २०१९ साली तिथे ३ लाख १५ हजारांवर पर्यटक आले, त्यात बहुतेक आपले भारतीय. डॉलर भरणारे थोडे, फुकट येणारे पुष्कळ. सात दिवसांत दार्जिलिंग-गंगटोक-भूतान उरकणाऱ्या बसेस, दोचुला खिंडीत वीस मिनिटं, फोटो, चहा, शिटी. त्याच वर्षी मोटरसायकलवरून गेलेला आपल्याकडचा एक जण दोचुलाच्या चोर्तेनवर, म्हणजे बौद्ध स्तूपावर, चढून उभा राहिला आणि तो फोटो सगळीकडे फिरला. ते १०८ चोर्तेन डिसेंबर २००३ च्या मोहिमेत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेत. आणि ती मोहीम होती आपल्या आसामातल्या बंडखोरांना भूतानच्या जंगलातून हुसकावण्यासाठी. आपल्या भांडणात त्यांची माणसं गेली आणि त्यांच्या स्मारकावर चढला आपला माणूस. मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा घरात कुणाशी बोलले नव्हते दिवसभर.

तुम्ही म्हणालात, "तिथे वर्षाला ठरावीक माणसंच घेतात ना, मग आपला नंबर कुठला लागतोय." तसं काही नाही हो. वर्षाला अमुक इतकेच, असा आकडा त्यांनी कुठे ठोकलेला नाही. माणसं आवरली आहेत ती किमतीने. १९७४ मध्ये चौथ्या राजांचा, जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला, त्याच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या गेस्ट हाउसांवर त्यांचं पर्यटन सुरू झालं. पहिल्या वर्षी आलेले पर्यटक तीनशेही नव्हते. तेव्हापासून धोरण एकच, थोडे या आणि चांगले पैसे देऊन या. बरीच वर्षं परदेशी माणसाला दिवसाला दोनशे-अडीचशे डॉलरचं पॅकेज घ्यावंच लागे. राहणं, जेवण, गाईड, गाडी सगळं त्यात, आणि त्यातले ६५ डॉलर सरकारचे. २०२२ मध्ये पॅकेजची सक्ती काढली आणि नुसत्या शुल्काचेच २०० डॉलर केले. ते झेपलं नाही. पाहुणे घटले, हॉटेलवाले ओरडायला लागले, आणि वर्षभरात सरकारने दर निम्म्यावर आणला. हा १०० डॉलरचा दर ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. २०२४ सालची एकूण संख्या दीड लाखाच्या आतच राहिली, म्हणजे कोविडपूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही.

आता तुमचा खरा मुद्दा, जो तुम्ही फोनवर बोलला नाहीत पण मला ऐकू आला. पैसेवाल्यांनाच दार उघडणारी ही कसली शिस्त? मला त्यावर अजून पुरतं उत्तर सापडलेलं नाही. माथेरानला तुम्ही घेत होतात ती पावती कुणाला परत पाठवण्याएवढी मोठी कधीच नव्हती. तिच्यामुळे किती आले ते कळायचं, कमी कोणी यायचं नाही. माथेरान राखलं ते पावतीने नाही, तर दस्तुरीच्या पुढे गाडी नाही या एका नियमाने. तिथे कारखानदारही उतरतो आणि डोंबिवलीहून लोकलने आलेलं कुटुंबही उतरतं, आणि पुढे दोघंही लाल मातीतून चालतात नाहीतर शटल पकडतात. मला विचाराल तर आपला नियम जास्त न्यायाचा आहे. त्यांचा जास्त परिणामकारक आहे. दोन्ही एकत्र जमलेलं ठिकाण मी अजून पाहिलेलं नाही.

परिणामकारक म्हणजे काय, तर फोब्जिखाच्या दरीत हिवाळ्यात तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच येतात. त्यांचे पंख तारांना अडकू नयेत म्हणून दरीतली वीज जमिनीखालून नेली आहे. खांब नाहीत, तारा नाहीत. झाडांत गुंतलेल्या तारांवरून तुम्ही पावसाळ्यात किती चिडायचात ते आठवलं. देशाचा ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील असं त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलंय, आणि प्रत्यक्षात ७० टक्क्यांच्या आसपास आहे. २००३ पासून गिर्यारोहण पूर्ण बंद. गांगखार पुएन्सुम हे ७,५७० मीटरचं शिखर त्यामुळे कुणीही सर न केलेलं राहिलंय. एव्हरेस्टवर रांगा लागतात त्या काळात एका देशाने मोहिमांचे पैसे नाकारले, कारण डोंगरांवर देवांचा वास आहे असं गावकरी म्हणत होते. पैसे हवेत म्हणून शुल्क आणि पैसे नकोत म्हणून शिखरं बंद. हे दोन्ही त्यांना एका वेळी जमतं, याचं मला नवल वाटलं.

पण "सुखी माणसांचा देश" असं काही वाचून भाबडेपणाने जाऊ नका. १९९० च्या सुमाराला दक्षिणेतल्या नेपाळीभाषक भूतानींना देशाबाहेर जावं लागलं, एक लाखाच्या आसपास माणसं वर्षानुवर्षं नेपाळमधल्या छावण्यांत राहिली. पर्यटनाच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे नसतं. आणि आजची तरुण मुलं ऑस्ट्रेलियाला चालली आहेत. आमचा गाईड म्हणाला, वर्गातले मित्र भेटायचे तर पर्थला जावं लागेल. शाळा-दवाखाना फुकट, हवा स्वच्छ, आणि मुलं बाहेर. आपल्याकडच्या पोरांना माथेरानात घोडा आणि लॉज सोडून काय मिळतं, हेच तुम्ही बोलत होतात ना? हिमालयातही तेच चाललंय. फुंटशोलिंगला, म्हणजे आपल्या बंगालमधल्या जयगावच्या वेशीपलीकडे, आपल्यासारख्या मध्यमवर्गीय भारतीयांवर चालणारी छोटी हॉटेलं होती, त्यांना या बाराशे रुपयांचा फार फटका बसला. त्यांच्याशी बोलाल तर धोरणाचं कौतुक ऐकू येणार नाही.

आई, आता तुझं. भिशीतल्या बायकांबरोबरच्या त्या सात दिवसांच्या सहलीत जाऊ नकोस. त्यातले तीन दिवस बसमध्ये जातील, आणि गुडघ्यांचं जे व्हायचं ते होईल. त्यापेक्षा तुम्ही दोघं आमच्याकडे या, चार दिवस राहा, आणि इथून विमानाने थेट पारोला जा. तिकीट महाग आहे, पण ते माझं. पारोची धावपट्टी डोंगरांच्या खोबणीत आहे, तिथे फक्त दिवसाउजेडी आणि खास शिकलेले मोजकेच वैमानिक विमान उतरवतात. उतरताना खिडकीतून घरांची छपरं अगदी जवळ दिसतात. तेव्हा तू डोळे मिट, बाबांना बघू दे.

पारो, थिंपू, पुनाखा, बस. पाच रात्री. दोघांचे मिळून शुल्काचे १२,००० होतात. बाबा, हा आकडा मोठ्याने वाचू नका, सवय होईल. थिंपू साधारण २,३०० मीटरवर आहे, आपलं माथेरान जेमतेम ८००. पहिल्या दिवशी दम लागेल, त्या दिवशी काहीही करायचं नाही. संध्याकाळी नॅशनल मेमोरियल चोर्तेनला जाऊन बसा. तिथे म्हातारी माणसं हातात जपमाळ घेऊन प्रदक्षिणा घालत असतात, बसून गप्पा मारतात, परत उठून फिरतात. आई, तुला तिथून उठवावं लागेल. बाबा, तुमच्यासाठी मुख्य चौक. राजधानीचं शहर आणि एकही सिग्नल नाही. रंगवलेल्या छत्रीवजा चौकीत पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हाताने गाड्या सोडतो, आणि गाड्या ऐकतात. तुम्ही अर्धा तास उभे राहाल आणि त्याच्या चुका काढाल.

पुनाखाला जाताना दोचुला लागेल, ३,१०० मीटर. फार वेळ थांबू नका, बाबांची बीपीची गोळी सकाळीच झालेली असू दे. पलीकडे उतरलात की हवा एकदम उबदार होते, पुनाखा बाराशे मीटरच्या आसपास आहे. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तिथला जोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, आहे, १६३७ सालचा. आत शिरायला वेगळं तिकीट. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, टोपी काढायची, बाबांनी कानटोपीसुद्धा.

तक्त्सांगला, तो कड्यावर चिकटवलेला मठ, तिथे वर जायचा हट्ट नको. घोडा मिळतो, पण साधारण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि फक्त चढायला. उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत, सगळ्यांनी पायी यायचं. आपल्या घोडेवाल्यांना सांगा, हसतील. पण उताराला खरा ताण गुडघ्यांवर येतो, म्हणून आईने खालूनच नमस्कार करावा. बाबांना एकट्यांना चढायचं असेल तर गाईडबरोबर कॅफेटेरियापर्यंत, तिथून मठ समोर दिसतो. १९९८ मध्ये तो जळाला होता, आता आहे तो पुन्हा उभारलेला.

जेवणाची काळजी सोड. त्यांच्याकडे मिरची ही भाजी आहे, तोंडी लावणं नव्हे. एमा दात्शी म्हणजे उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि चीज, लाल भाताबरोबर. तुझा ठेचा खाणाऱ्याला काही होणार नाही. प्रशांत मात्र नाक पुसत जेवत होता. बटाट्याचं केवा दात्शी सौम्य असतं. लोणी-मीठ घातलेला सुजा चहा एकदा चाखून बघ, आवडणार नाही. डाळ-भात, पोळी आपल्या लोकांना सवयीने करून देतात. आणि बाबा, तिथला विडा म्हणजे दोमा, त्यातली सुपारी ओली असते. चुन्याबरोबर चावली की कानशिलं तापतात आणि कपाळावर घाम येतो. अर्धाच खा. गाईडने दिला म्हणून भिडेखातर पूर्ण खाऊ नका.

रुपये चालतात, त्यांचं न्गुल्त्रुम आणि आपला रुपया सारख्याच किमतीचे. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं. जायचं मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, दोचुलावर गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेले असतील आणि जमलं तर पारोचा त्शेचू, म्हणजे त्यांची मुखवटे नाचवायची जत्राही मिळेल.

एक काम मात्र आत्ताच करा. तिथे आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. बाबांचा पासपोर्ट संपलेला आहे, पण ओळखपत्र ठीक आहे. आईच्या ओळखपत्रावर "सुनंदा" चं "सुनदा" झालंय आणि वयही चुकलंय. उद्याच कर्जतला जाऊन दुरुस्तीचा अर्ज द्या, बरोबर शाळेचा दाखला न्या. तो लोखंडी कपाटात खालच्या खणात, माझ्या जुन्या गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये आहे. दोघांचे पासपोर्ट साइज फोटोही काढून ठेवा. अर्जाची पोच मिळाली की मला फोटो पाठवा, म्हणजे मी तिकिटं बघते.

तुमची,
वैजू

ता. क. बाबा, ओवीने पावती या पाकिटात घातली आहे. परत हवीय म्हणते.