टरफलं

प्रिय मंदे,

नऊ महिने पत्र नाही, तुझे दोन फोन घेतले नाहीत, सगळं कबूल. शिव्या मागाहून घाल. तब्येत बरी, गुडघा तसाच. आधी माझं पाप ऐक.

ह्यूस्टनला तुझ्याकडे आले होते तेव्हा मेक्सिकन बेकरीतला तो दुधात बसवलेला केक खाल्ला होता ना, त्रेस लेचेस? तू म्हणालीस रसमलाई, मी म्हटलं दुधात पडलेला पाव, आणि त्यावरून विमानतळापर्यंत आपण अबोला धरला. तर तोच नातवाच्या वाढदिवसाला घरी केला. (रसमलाई नाहीच ती. अजून सांगते.)

पहिल्यांदा नेहमीचा लोण्याचा केक घेतला. खाली दुधाचं तळं, वर कोरडा ठणठणीत. लोणी असलं की स्पंज दूध नीट पीत नाही. दुसऱ्या वेळी लोणी वगळलं. चार अंडी, पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. पांढरं इतकं फेटलं की तुझी आठवण काढून भांडं डोक्यावर उपडं धरलं, हललं नाही. तुझ्याकडे बिनसाखरेचं आटीव दूध डब्यात मिळतं. मी आपलं अर्धा लिटर म्हशीचं दूध वाटीभर होईपर्यंत आटवलं, त्यात मिल्कमेड, क्रीम, वेलची. गार केकला विणायच्या सुईने भोकं पाडली आणि थांबत थांबत ओतलं. कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती, पहिल्या पावसात अंगण पितं तशी. मग रात्रभर फ्रीजमध्ये.

आईंसाठी वेगळा शिरा होता. सकाळी बघते तर केकचा कोपरा गायब, मोरीत चमचा, आणि आई देवघरातून म्हणतात, "बासुंदीची वडी छान झालीय हो!"

मंदे, 84 वर्षांत अंड्याला न शिवलेली बाई! माझा ऑम्लेटचा तवा अजून गच्चीवर असतो. माझ्या तोंडून निघालं, "हो, दूध आटवलंय." खोटं का ते? आटवलंच होतं.

आता सांगू का नको? हे म्हणतात, गप्प बस, त्यांचं बीपी वाढेल. लेक म्हणते, ही फसवणूक आहे. तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. हॉस्टेलची शेगडी! अंडी तुझी, रेक्टरबाईंपुढे जाऊन कबुली तुझी, आणि 50 रुपये दंड माझा. "खरं बोललं की मोकळं वाटतं" म्हणे. वाटलं असेल तुला.

त्यात काल आई म्हणाल्या, "टरफलं कचऱ्यात नको टाकूस, जास्वंदीला घाल." मी गारच. कुठली टरफलं? दुपारी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या होत्या खऱ्या. हे म्हणतात, त्याच. पण आईंनी माझ्याकडे बघितलं ते कसं बघितलं, तू असतीस तर कळलं असतं. टिळक म्हणाले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. इथे शेंगा खाल्ल्यात आईंनी आणि टरफलं माझ्या गळ्यात.

आणि कळस ऐक. शनिवारी एकादशी. रविवारी पारण्याला त्यांनी तीच वडी सांगितलीय. दह्यातला बिनअंड्याचा करून पाहिला, तर दूध ओतताच त्याची पेज झाली. रविवारी काय वाढू?

तुझ्या घराला गिऱ्हाईक आलं का? जावईबापूंच्या नोकरीचं? धाकटीला आशीर्वाद. सविस्तर कळव.

टपालाने हे पोचेपर्यंत द्वादशी होऊन जाईल, म्हणून फोटो काढून पाठवतेय. लगेच फोन कर. आमच्या रात्री आठनंतरच कर, तुझा सकाळचा चहा चालू असेल. तेव्हा आई मालिका बघतात आणि टीव्हीचा आवाज मोठा असतो.

तुझीच,
सुमी