अंगणाच्या न दिसणाऱ्या कुंपणाविषयी

न्यू जर्सी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वाघ्या आणि मोती मळ्यातून निसटून थेट हायवेपर्यंत जातात, मोटारसायकलींच्या मागे धावतात आणि एखाद्या दिवशी चाकाखाली येतील, ही तुझी धास्ती मला पुरेपूर समजते. दिवाळीत येताना मी इकडून कुत्र्यांसाठीचे बिनतारी कुंपण आणावे, असे तू लिहिले आहेस. आमच्या चिंगीसाठी आम्ही ते गेली काही वर्षे वापरतो आणि त्याबद्दल आम्ही समाधानीही आहोत. तरीसुद्धा मी ते तुझ्यासाठी आणणार नाही. नुसता नकार कळवला तर तू रागावशील, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर लिहितो.

ही वस्तू इकडे इतकी रुजली, याला इकडच्या वसाहतींची रचना कारणीभूत आहे. उपनगरांतल्या घरांपुढचे हिरवळीचे अंगण रस्त्यापर्यंत मोकळे सोडण्याची येथे रीत आहे. कित्येक वसाहतींत घरमालकांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे दर्शनी बाजूला भिंत किंवा जाळी उभारताच येत नाही. कुत्रा तर पाळायचा आहे आणि कुंपण तर घालता येत नाही, या कोंडीतून हा उपाय निघाला. रिचर्ड पेक नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी त्याचे पेटंट १९७३ मध्ये मिळवले. त्यांच्या पद्धतीत अंगणाच्या कडेने जमिनीत तार पुरतात, घरातले यंत्र तिच्यातून रेडिओ संदेश सोडते आणि कुत्र्याच्या पट्ट्यावरची डबी तो ओळखते. कुत्रा तारेजवळ आला की आधी पिपाणीसारखा बारीक आवाज होतो आणि तो तसाच पुढे गेला, तर पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या धातूच्या दोन टोकांमधून मानेला झटका बसतो. तू ज्याविषयी विचारले आहेस, त्या बिनतारी प्रकारात तार नसते. घरात ठेवलेले यंत्र आपल्याभोवती गोलाकार क्षेत्रात संदेश पसरवते आणि तो पट्ट्याला मिळेनासा झाला की झटका बसतो. अलीकडे उपग्रहाच्या मदतीने चालणारे पट्टेही निघाले आहेत. त्यांत हद्द मोबाइलवर आखता येते, पण ते वरचेवर चार्ज करावे लागतात आणि दाट झाडीखाली किंवा इमारतीच्या आडोशाला त्यांची हद्द इकडेतिकडे सरकते.

आता बिनतारी यंत्राचा तुझ्या मळ्याशी मेळ बसतो का, ते पाहू. इकडे सर्रास विकले जाणारे यंत्र साधारण नव्वद फूट त्रिज्येचे वर्तुळ व्यापते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पंचवीस हजार चौरस फूट, म्हणजे तेवीस गुंठ्यांच्या आसपास होते. आकडा ऐकायला बरा वाटतो, परंतु तुझी जमीन आहे लांबट पट्टी, तिच्या एका टोकाला घर आणि घराला लागूनच रस्ता. यंत्र घरात ठेवून रस्ता बाहेर राहील एवढे वर्तुळ लहान केले, तर कुत्र्यांना मळ्यात जेमतेम विहिरीपर्यंत जाता येईल. वर्तुळ मोठे केले, तर रस्ताच आत येईल. वर्तुळाला कोपरे नसतात, ही या वस्तूची पहिली अडचण आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. दुसरी अडचण लोखंडाची. पत्र्याची शेड, ट्रॅक्टर, लोखंडी दरवाजा, पाण्याची टाकी, जमिनीचा चढउतार, या सगळ्यांमुळे संदेश अडतो, आणि मग हद्द सकाळी एका जागी तर संध्याकाळी ट्रॅक्टर आल्यावर दुसऱ्या जागी लागते. काल जिथे बसलो होतो तिथेच आज झटका का बसला, हे त्या मुक्या जिवाला कसे समजावणार? शिवाय दिवसातून कितीदा वीज जाते, ते तू मला दर पत्रात लिहितोसच. इकडच्या विजेवर चालणारे यंत्र तिकडे लावायचे, तर त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागेल, ती बाब आणखी निराळी.

तू म्हणशील, मग तारेचे घेऊन ये. तार कोणत्याही आकाराने फिरवता येते, हे खरे आहे. फाटकातून कुत्र्यांना नेण्यापुरती जागा सोडायची असेल, तर येणारी आणि जाणारी तार एकमेकींभोवती पिळून घेतात, म्हणजे तेवढ्या भागात संदेश एकमेकांना रद्द करतात. ही युक्ती मला फार आवडते. पण नांगर, घुशी आणि वर्षातून एकदा तरी येणारा जेसीबी यांच्यापुढे चार बोटे खोल पुरलेली तार किती टिकेल? ती तुटली की यंत्र ओरडून सांगते, एवढाच काय तो दिलासा. तुटलेली जागा मात्र आपणच शोधत फिरायचे.

खरा मुद्दा शिकवणीचा आहे. पट्टा बांधला की कुत्रा आपोआप अंगणात राहतो, असे पुष्कळांना वाटते आणि मग तो बिथरला की दोष वस्तूला दिला जातो. प्रत्यक्षात कुत्र्याला ती हद्द दिसत नसल्यामुळे ती आधी त्याच्या मनात आखावी लागते. खोक्यासोबत लहान पांढरी निशाणे येतात. ती हद्दीवर दर काही पावलांवर रोवायची, कुत्र्याला दोरीने बांधून निशाणांपाशी न्यायचे आणि आवाज होताच गोड बोलून, हातात खाऊ धरून मागे फिरवायचे. सुरुवातीचे काही दिवस झटका पूर्ण बंद ठेवून फक्त आवाजावर काम करायचे. आवाज आला की मागे फिरायचे, एवढे अंगवळणी पडल्यावर सर्वांत सौम्य झटका सुरू करायचा आणि पुढे निशाणे एकेक करून काढायची. हे सारे रोज दोनतीन वेळा, थोडा थोडा वेळ, निदान दोन आठवडे चालते, आणि तोवर कुत्र्याला दोरीशिवाय मोकळे सोडायचे नाही. आमची चिंगी शिकली ती माझ्या बायकोच्या चिकाटीमुळे, कारण माझा धीर तिसऱ्या दिवशीच सुटू लागतो हे तुला ठाऊकच आहे. तू पहाटेपासून शेतात असतोस आणि काकूंना दोन दांडग्या कुत्र्यांना दोरीने आवरणे झेपणार नाही, तेव्हा हे कोण करणार?

इतके करूनही खात्री नसते. आमच्या घरामागे झाडी आहे आणि तिथून हरणे येतात. चिंगी एरवी निशाणांच्या जागेपाशी आपण होऊन थबकते, पण एकदा हरीण अगदी समोरून उडी मारून गेले, तेव्हा ती झटका सोसून त्याच्यामागे गेली. अंगात शिकारीचे वारे शिरले की क्षणभराच्या वेदनेची पर्वा राहत नाही. परत येताना मात्र कसला जोश नसतो आणि झटक्याची आठवण ताजी असते. त्यामुळे पुरलेल्या तारेच्या पद्धतीत बाहेर पडलेला कुत्रा घरी यायला कचरतो. बिनतारी प्रकारात परतताना झटका बसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा न दिसणाऱ्या कुंपणातले सुमारे ४४ टक्के कुत्रे निसटल्याचे आढळले, तर खऱ्या, उभ्या कुंपणातले सुमारे २३ टक्के. तुझ्या हायवेवरून दर मिनिटाला एक मोटारसायकल जाते, आणि मोटारसायकल हेच वाघ्याचे हरीण आहे.

पट्ट्याबद्दलही दोन शब्द लिहितो. धातूची टोके कातडीला टेकली नाहीत तर उपयोग नाही आणि फार घट्ट टेकली तर मानेला जखमा होतात. म्हणून पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकी सैल जागा ठेवायची, दिवसातून बारा तासांहून जास्त तो बांधायचा नाही, मधूनमधून त्याची जागा बदलायची आणि मान रोज तपासायची. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या मोतीची मान रोज कोण पाहणार, हे तूच सांग.

मुळात कुत्र्याला झटका द्यावाच का, यावर इकडेही मोठा वाद आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांच्या गळ्यात असे पट्टे घालण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कुंपणाचे पट्टेही त्यात येतात. झटका बसला त्या वेळी समोर एखादे मूल किंवा अनोळखी माणूस असेल, तर कुत्रा वेदनेचा संबंध त्या माणसाशी जोडून त्याच्यावर धावण्याचा धोका असतो, असेही जाणकार सांगतात. माझे मत विचारशील, तर नीट शिकवलेल्या आणि शांत स्वभावाच्या कुत्र्याला, दुसरा मार्गच नसेल तर, सौम्य झटक्याचा पट्टा चालू शकतो. वाघ्या शांत नाही आणि तुझ्याकडे दुसरा मार्ग आहे.

या सगळ्यांहून मोठे कारण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. हे कुंपण फक्त आपल्या कुत्र्याला अडवते. बाहेरून येणाऱ्या कोणालाही ते अडवत नाही. तू उसाभोवती रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन तारेला शिवणाऱ्या कोणत्याही जनावराला पळवते. या कुंपणात मात्र झटका आपल्याच कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला असतो. इकडे बाहेरून येते ते फार तर शेजारचे कुत्रे, क्वचित कोल्ह्याच्या जातीचे कायोटी. तुझ्याकडे जुन्नर वनविभागातला बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला होता. अशा मुलखात कुत्र्याला रात्री अंगणातच थोपवून धरणारा, पण बिबट्याला मोकळी वाट देणारा पट्टा बांधणे, म्हणजे त्याला पळून जाण्याचीही सोय न ठेवणे होय.

तेव्हा माझे ऐकणार असशील, तर हाच पैसा खऱ्या जाळीवर घाल. सगळ्या मळ्याला नको. घर, ओटा आणि गोठा यांच्याभोवतीच्या सातआठ गुंठ्यांना सिमेंटचे खांब आणि साखळीची जाळी पुरे होईल. जाळीची खालची कड जमिनीत हातभर गाडून घे, कारण मोती उकरतो. फाटक आपोआप मिटेल असे बसव. एवढ्याने हायवेचा प्रश्न सुटेल, बिबट्याचा सुटणार नाही; सहा फुटांची जाळी त्याच्यासाठी काहीच नाही. म्हणून रात्रीसाठी गोठ्याला लागून वरूनही बंद असलेला मजबूत पिंजरा कर आणि अंधार पडायच्या आत दोघांना त्यात घाल. ते राखण काय करणार, असे अण्णा विचारतील. पिंजऱ्यातूनही भुंकता येते, असे त्यांना माझ्या वतीने सांग. वाघ्याचे नसबंदीचे ऑपरेशनही आता टाळू नकोस, नरांची भटकंती त्याने बरीच कमी होते. रेबीजची लस दोघांना वेळच्या वेळी देतोस ना?

मोटारसायकलींचे वेड मात्र जाळीने जाणार नाही, कारण वाघ्या तुझ्यासोबत शेतावर निघाला की फाटकाबाहेर येणारच. त्यासाठी मी येताना एक लांब, मजबूत शिकवणीची दोरी आणि आमच्याकडे पडून असलेली पांढरी निशाणे घेऊन येईन. झटक्याशिवाय, निव्वळ दोरी, निशाणे आणि भाकरीचे तुकडे यांच्या जोरावर बांधापाशी थांबायला त्याला शिकवता येते का, ते आपण दोघे मिळून सकाळच्या वेळी पाहू. तोपर्यंत घराभोवतीचे माप घेऊन ठेव आणि मंचरमध्ये जाळीचा दर काय चालला आहे, ते मला कळव.

काकूंना आणि अण्णांना नमस्कार.

तुझा,
अविनाश