मॅडम, माझं मनगट सुटलं

आदरणीय खेळाच्या मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा तुम्ही विचारलंत, "ताई, नेमकं काय केलंत तुम्ही?" मला काही सांगता आलं नाही. हात सुटला, एवढंच म्हणाले. आता महिना उलटला, संक्रांत झाली, डोकं जागेवर आलं. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. घरी येऊन सांगता आलं असतं. पण तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं, आणि ज्या बायकांना स्वतःचा बचाव करायला कुणीच शिकवलेलं नाही त्यांच्याही हाती हे पडावं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

मागच्या मार्चअखेरीला तुम्ही आम्हा बायकांना बचावाचे डाव शिकवायला आमच्या गावात पहिल्यांदा आलात. वावरं मोकळी झाली होती, पऱ्हाटी उपटून झाली होती. बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते ते हेच दिवस. शेजारगावच्या हायस्कुलातली नोकरी सांभाळून सकाळी साडेपाचला तुम्ही स्कुटीवर हजर असायच्या, कारण यवतमाळकडच्या मे महिन्यात आठनंतर अंगणात पाय ठेववत नाही. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जणी होतो. तिसऱ्या दिवशी सहा. सहा जणींनाही तुम्ही तितक्याच जीव तोडून शिकवलंत. त्या सहाच्या पुढं अकरा झाल्या, त्या तुमच्या त्या तिसऱ्या दिवसामुळं.

ट्रॅकसूट लागेल म्हणून आम्ही घाबरलो होतो. तुम्ही स्वतःच साडीत आलात. रोज अंगावर असतं त्यातच शिकायचं म्हणालात, प्रसंग आला तर कपडे बदलायला कोणी थांबत नाही. बांगड्यांचा प्रश्न निघाला तेव्हा मला वाटलं, आता हा वर्ग मोडतो. काचेच्या बांगड्या काढायला एकही सवाष्ण तयार नव्हती, आणि मनगट धरून ओढलं की काच फुटून रुतणार. तुम्ही कुणाला एक शब्द बोलला नाहीत. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्यात आणि प्रत्येकीच्या हातावर बांगड्यांवरूनच गुंडाळल्यात, जखमेला पट्टी बांधावी तशा. माझ्या सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी अडवलं नाही.

आणि पहिल्या सकाळी शिकवलंत काय, तर ओरडणं. बाकी काहीच नाही. मारामारी शिकायला आलेल्या बायकांना हे विचित्रच वाटलं. पण ओरडायला गेलो तर आवाजच निघेना. वावरात एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाका मारणाऱ्या आम्ही, समोर उभ्या माणसाच्या डोळ्यात बघून "मागं सरक!" म्हणायची वेळ आली की घसा बसायचा. एकीला तर रडूच कोसळलं. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "लहानपणापासून हळू बोल, हळू बोल ऐकलं नं आपण, आता थोडा वेळ लागेल." चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही सगळ्या एका दमात ओरडलो, तर गावाबाहेरच्या गोठ्यातून एक सालदार धावत आला. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, असं वाटलं त्याला. त्याला पाणी पाजून तुम्ही आम्हाला म्हणालात, बघा, तुमचा आवाज कुठवर जातो. हे मला पुढं कामी आलं.

मनगट सोडवायचा डाव तर मी डोळे मिटूनही सांगू शकते. समोरच्याची चार बोटं आपल्या मनगटाच्या एका बाजूनं येतात, अंगठा दुसऱ्या बाजूनं. जिथं अंगठा आणि बोटं भेटतात तिथं फट असते. माणूस कितीही दणकट असला तरी पकड तिथंच कच्ची. आपण घाबरून हात सरळ मागं ओढतो, म्हणजे त्याच्या चार बोटांशी भांडतो, आणि त्यात तोच जिंकतो. त्याऐवजी मनगटाची अरुंद कड त्या फटीकडं फिरवायची, एक पाऊल मागं न जाता पुढं टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराकडं रेटायचं आणि हात आपल्या खांद्याकडं झटक्यात घ्यायचा. दोन्ही हातांनी धरलं असेल तर आपल्या दुसऱ्या हातानं स्वतःचीच मूठ पकडून वर काढायची. आम्हाला दिशा समजेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "कापूस वेचता नं? बोंड जिकडून उकललं तिकडूनच कापूस निघतो. मागून ओढाल तर देठासकट तुटेल." त्यानंतर कुणाचीही दिशा चुकली नाही. माझ्यासाठी सगळ्या वर्गातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते.

मी गावात सगळ्यात बुटकी. माझ्यानं काय होणार म्हणून मी मागंच उभी राहायची. ते तुमच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याच आठवड्यात तुम्ही ज्युदो हा जपानी खेळ काढणाऱ्या जिगोरो कानोंची गोष्ट सांगितलीत. पाच फूट दोन इंचांचा माणूस, शाळेत दांडगी पोरं छळायची म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकला आणि १८८२ साली टोकियोत त्यानं स्वतःची शाळा काढली. तिथं आधी पडायला शिकवतात, हनुवटी छातीला लावून, डोकं जमिनीवर आपटणार नाही असं. आम्ही ते कुटाराच्या, म्हणजे मळणीतल्या भुशाच्या, ढिगावर शिकलो. साठीच्या काकूसुद्धा पडल्या आणि उठल्या. तुम्ही अमरावतीला ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलात त्याचीही हकीगत सांगितलीत. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली व्यायामशाळा, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी थेट जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आपल्या वऱ्हाडातल्या मातीतून एवढं झालंय हे मला चाळिशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. पोरांच्या पुस्तकात हे ठळक अक्षरात असायला पाहिजे.

खताच्या पोत्यात कुटार भरून ते कडुनिंबाला टांगलं होतं. त्यावर आम्ही मनगटाजवळच्या तळहातानं मारायचो. मूठ वळून मारलं तर नवख्या माणसाची स्वतःचीच बोटं मोडतात, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. तळहात हनुवटीला किंवा नाकाला, कोपर जवळच्याला, गुडघा जांघेत, टाच पायाच्या पंजावर. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा, म्हणजे हिसका बसत नाही, आणि मग लाथ. एवढंच. दोन महिन्यांत एवढंच, पण शेकडो वेळा. कंटाळा यायचा. पोरी म्हणायच्या, मॅडम, काही नवीन दाखवा. तुम्ही म्हणायच्या, झोपेत जमलं पाहिजे.

त्या पोरींनी रील बघून चाकू हिसकावायचं शिकवा म्हणून हट्ट धरला होता. तुम्ही चक्क नाही म्हणालात. चाकू दिसला तर पर्स फेका, मंगळसूत्र मागितलं तर तेही द्या आणि पळा, पोत किती तोळ्यांची आहे त्यावर जीव लावू नका. सोबत दोघं-तिघं असतील तर मारायच्या भानगडीत पडू नका, फट दिसली की पळा, घरी पोचलात की झालं. खोटा धीर देणारे खूप भेटतात, मॅडम. एका दिवसाचं शिबिर, फोटो, प्रमाणपत्र, आणि बाई सक्षम झाली म्हणून भाषण. असल्या शिबिरांना मीही जाऊन आले आहे. तुम्ही आम्हाला आमच्या ताकदीची हद्दही दाखवलीत, म्हणून तुमच्या बाकी शब्दांवर माझा विश्वास बसला.

एक सकाळ तुम्ही कायद्याला दिलीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३४ ते ४४ ही कलमं आपला बचाव करण्याच्या हक्काची आहेत, जुन्या दंडविधानात ती ९६ ते १०६ होती. बचावापुरतं मारलं तर तो गुन्हा नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तो पळाला, पडला, की आपला हात थांबला पाहिजे. हे ऐकून कितीजणींचा जीव भांड्यात पडला. "आपण मारलं तर आपल्यालेच आत टाकतील" हीच भीती होती सगळ्यांना. आणि त्याच दिवशी तुम्ही अजून एक सांगितलंत, जे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा निघतो. आम्ही अंधारातल्या अनोळखी माणसाची तयारी करत होतो. तुम्ही म्हणालात, ज्याला भाऊ म्हणता त्यालाही "मागं सरक" म्हणायची तयारी करा.

आता डिसेंबरचं सांगते.

मी आशा कार्यकर्ती, घरोघरी जाऊन आरोग्याचं काम बघते. पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, एक बाई नवव्या महिन्यात होती, दवाखान्यात बाळंत व्हायला तयार नव्हती. तिची समजूत काढता काढता उशीर झाला. परत येताना पांदणीनं, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं, आले. डिसेंबरात पांदणीच्या दोन्ही बाजूंना तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते, आतला माणूस दिसत नाही आणि बाहेर आवाज गेला तरच गेला. फोनला रेंज नव्हती. ११२ लावून उपयोग नव्हता. मोटारसायकल आडवी लावून तो उभा होता. गावातलाच. दारू प्यायलेला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मी दोन हात अंतर ठेवून थांबले, पिशवी खांद्यावर नीट केली, दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले. "भाऊ, गाडी बाजूला घ्या." तो पुढं आला आणि त्यानं माझं डावं मनगट धरलं.

तुम्ही विचारलंत नं, नेमकं काय केलं? मॅडम, मी काहीच ठरवलं नाही. आधी पाय पुढं गेला. मग कोपर. बोंड मनात आलं की नाही तेही आठवत नाही. दोन बांगड्या फुटल्या, हात बाहेर आला, आणि तो माझ्याच दिशेनं झुकला. उजवा तळहात त्याच्या हनुवटीला लागला, फार जोरात नाही. तो मोटारसायकलवर पडला. आणि मग तो आवाज निघाला, जो शिकताना पहिले काही दिवस निघत नव्हता. "मागं सरक!" मी पुन्हा मारलं नाही. पळाले. गोठ्यातून "कोन हाय वं?" असा आवाज आला. तोच सालदार. या वेळीही तो धावत आला.

घरी आल्यावर चहाचा कप धरता येईना. दोन तास हात थरथरत होते. तुम्ही तेही आधीच सांगितलं होतं, की प्रसंगानंतर अंग कापतं, ती भीती नसते, शरीर तयारीत असतं ते उतरायला वेळ लागतो. हे माहीत नसतं तर मला वाटलं असतं, मी खचले. मनगटावर बांगडीचे दोन कापे होते. ते अजून दिसतात.

रात्रीच दोघं-तिघं मिटवून घ्या म्हणायला आले. गावातलं गावात राहू दे, तुझ्या पोरीचं लग्न व्हायचंय. माझे मालकही तासभर गप्प होते. मी तुम्हाला फोन केला, आणि सकाळी तुम्ही अर्धी रजा टाकून ठाण्याच्या दारात उभ्या होत्या. मी पोचले तेव्हा तुमच्यासोबत वर्गातल्या नऊ जणी होत्या, कुणी कापसाची रोजी बुडवून, कुणी लेकराला कडेवर घेऊन. न्याय संहितेच्या कलम ७४ खाली विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. त्यात एक ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे हे तुम्हीच मला ओट्यावर समजावून सांगितलं. तक्रार लिहून घेताना मला "आणि मग?" असं विचारलं जात होतं, आणि प्रत्येक वेळी तुमचा हात माझ्या पाठीवर होता. डाव शिकवणाऱ्याचं काम तिथं संपलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं.

मालक आता मला पोडावर जाऊ नको म्हणत नाहीत. उशीर होणार असला की पांदणीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन येतात. ती पोडावरची बाई दवाखान्यातच बाळंत झाली, मुलगी आहे.

संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू होतं. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटून झाला, आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर स्वतःचा हात पुढं केला. "धर वं, दाखव यायले." मी त्यांचं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईनं पाऊल पुढं टाकलं आणि हात काढून घेतला. कधी शिकल्या कोण जाणे. ओट्यावर बसून बघत होत्या तेवढंच.

मॅडम, एक मागणं आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या हायस्कुलातल्या पोरांनाही हे शिकवा. डाव कमी शिकवा, बाईनं नाही म्हटलं की हात मागं घ्यायचा हे जास्त शिकवा. आणि आमच्याकडं या. निंबावरचा दोर झिजला होता, मालकांनी नवीन बांधून दिला. पोत्यात यंदा सोयाबीनचं कुटार भरून ठेवलंय. पोडावरच्या चार पोरी येतो म्हणाल्यात, त्यांची मनगटं बारीक आहेत, लुगड्याच्या पट्ट्या मी आधीच फाडून ठेवते.

तुमची,
पोडावर जाणारी आशाताई