'वाहक' म्हणजे रोगी नव्हे, हे सांगणार कोण?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जनुकीय चाचण्या, जनुकोपचार आणि ज्याच्या त्याच्या जनुकांनुसार दिली जाणारी औषधे यांविषयीच्या बातम्या आता वृत्तपत्रांत नित्याच्या झाल्या आहेत. त्या वाचताना, ३० वर्षे परिचारिकांना शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारखीला बातमीच्या पलीकडचा एक साधा प्रश्न पडतो. चाचणी झाली, अहवालही आला. पण तो हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगायचा कोणी?

काही वर्षांपूर्वी विद्यार्थिनींना घेऊन मी एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उभी होते. एक जोडपे अहवाल दाखवायला आले होते. बाईंना थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक ठरवणारा तो अहवाल होता. तरुण डॉक्टरांनी त्यावर नजर टाकली, "घाबरू नका, तुम्ही फक्त वाहक आहात," असे म्हटले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि माझ्या एका विद्यार्थिनीला हळूच म्हणाल्या, "मग बाळाला जवळ घेतलं तर चालेल ना?" विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. आनुवंशिकतेच्या पेपरात तिला उत्तम गुण होते. मेंडेलचे वाटाणे तिला तोंडपाठ होते. या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यापाशी नव्हते.

डॉक्टर खोटे बोलले नव्हते, त्यांनी हयगयही केली नव्हती. पण बाईंचे पती शेजारीच उभे होते आणि त्यांचेही रक्त तपासायला हवे, हे कोणी बोलले नाही. खरे तर त्या अहवालाचे सारे महत्त्व त्या पुढच्या तपासणीत होते. दोघांपैकी एकच जण वाहक असेल, तर मुलांना तीव्र थॅलेसेमिया होण्याची भीती सहसा नसते. दोघेही असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ती २५ टक्के असते. आणखी एक गोष्ट त्याच संभाषणात निघाली. त्याआधी कित्येक महिने बाईंना लोहाच्या गोळ्या चालू होत्या, कारण थॅलेसेमियाच्या वाहकाच्या तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेत दिसतात तशाच लहान दिसतात आणि हिमोग्लोबिनही थोडे कमी भरते. गोळ्यांनी फरक पडत नाही, हे पाहून कोणी तरी हिमोग्लोबिन ए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजून घेतला, म्हणून निदान झाले. हे आधी सुचायला महागड्या यंत्राची गरज नव्हती.

'वाहक' हा शब्दच अवघड आहे. आपल्या कानावर तो येतो तो रोग वाहून नेणाऱ्या डासांच्या किंवा संसर्ग पसरवणाऱ्या माणसाच्या संदर्भात. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात लागण, स्पर्श, दूर राहणे हेच उभे राहते. जनुकशास्त्रात मात्र वाहक म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष आणि एक निकोप असलेली व्यक्ती, आणि ती बहुधा पूर्ण निरोगी असते. हा गोंधळ केवळ अडाणीपणाचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, पण वाहक असणे आणि आजारी असणे यांतला फरक नीट समजावला गेला नाही. परिणामी धडधाकट माणसांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेल्याची उदाहरणे घडली. तिथे चाचणी कमी पडली नव्हती, समजावणे कमी पडले होते. तेव्हा रक्त तपासायला शिकवण्याआधी, किंवा निदान बरोबरीने, बोलायला शिकवावे असे माझे म्हणणे आहे.

सध्या आनुवंशिकता शिकवली जाते ती अभ्यासक्रमाच्या आरंभी, जीवशास्त्राचे एक प्रकरण म्हणून. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रभावी आणि अप्रभावी जनुके, १९५३ साली उलगडलेली डीएनएची रचना, एवढे पाठ झाले की परीक्षा पार पडते. रुग्णाशी गाठ पडेपर्यंत मधे दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर ते प्रकरण पुसले गेलेले असते. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, त्यानंतर चाचण्यांची संख्या झपाट्याने वाढली. वर्गातले ते प्रकरण मात्र जवळपास होते तिथेच राहिले.

कौटुंबिक इतिहास घेणे हे या विद्येतले सर्वांत स्वस्त साधन, आणि तेच सर्वांत हेळसांडीने वापरले जाते. "घरात कोणाला काही मोठा आजार?" असा एकच प्रश्न विचारला, की "नाही" हे उत्तर ठरलेले. तीच चौकशी नीट केली तर चित्र पालटते. पन्नाशीच्या आत कोणी गेले का? कशाने? लहानपणी दगावलेले मूल, पुन्हा पुन्हा झालेले गर्भपात, ऐकू न येणारा भाऊ, पोहताना किंवा धावताना अचानक कोसळलेला चुलतभाऊ? "काका पोटाच्या दुखण्याने गेले" या वाक्यामागे मोठ्या आतड्याचा कर्करोग असू शकतो, आणि तीन पिढ्यांत असे तीन काका-आत्या निघाल्या तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे अशा कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवृत्तीची, शंका यायलाच हवी. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, एवढ्या खुणांनी ही वंशावळ कागदाच्या एका बाजूवर मावते. सराव असेल तर अर्ध्या तासाच्या आत काढून होते, आणि तेवढा वेळ रुग्णाजवळ बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा परिचारिकाच असते.

इथे वडिलांची बाजू हमखास सुटते. सदोष झाले तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी हाती लागले; पण स्तनांच्या कर्करोगाची चौकशी आजही आई, मावशी, आजी एवढ्यावर थांबते. सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येते आणि वडील स्वतः ठणठणीत असू शकतात. याउलट आजारी मूल जन्मले की दोष मात्र बिनदिक्कत आईच्या माथी मारला जातो. या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात, आणि ते दूर करण्याची संधी सर्वांत आधी मिळते ती आरोग्यसेवकालाच.

संभाव्यतेचे गणित हा तर वेगळाच विषय आहे. २५ टक्के म्हटल्यावर "एक मूल आजारी झालं, म्हणजे पुढची तीन सुटली," असे अनेक पालक समजतात. शिकलेले पालकही तसेच समजतात, आणि त्यांना तसे समजू देणारे वैद्यकीय कर्मचारीही मी पाहिले आहेत. आजारी मुलाच्या निरोगी भावाने लग्नाआधी येऊन "मी वाहक असण्याची शक्यता किती?" असे विचारले, तर वर्गातले बहुतेक हात "निम्मी" म्हणून वर जातात. उत्तर दोन-तृतीयांश आहे. चार शक्यतांपैकी आजारी असण्याची एक आपण आधीच वगळली, कारण तो निरोगी म्हणून समोर बसला आहे. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या. फळ्यावर हे चार चौकोन काढायला दोन मिनिटे लागतात, आणि एकदा काढून पाहिले की विद्यार्थी ते विसरत नाहीत.

अहवालाची भाषाही शिकवावी लागते. जनुकात बदल सापडला, पण तो रोगकारक आहे की निरुपद्रवी हे आज ठरवता येत नाही, असा निष्कर्ष अनेक अहवालांत असतो. त्याला 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' म्हणतात. अशा निष्कर्षावर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो, आणि पुढे पुरावा वाढला की त्याचे वर्गीकरण बदलूही शकते, म्हणून तो अहवाल फाईलमध्ये कायमचा बंद करूनही चालत नाही. तसेच गरोदर स्त्रीच्या रक्तातून केली जाणारी गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. ती 'पॉझिटिव्ह' आली तर गर्भजल किंवा वार यांच्या नमुन्यावरून खात्री करून घ्यायची असते. पहिल्या कागदावरूनच निर्णय घ्यायला निघालेल्या स्त्रीला हे सांगून थांबवणारे कोणी तरी तिथे हवे.

औषधांविषयी थोडक्यात लिहिते. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या रुग्णाला मलेरियाचे प्रायमाक्विन दिले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. एच.एल.ए.-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्या व्यक्तीला फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनमुळे त्वचा सोलवटून टाकणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तैवानमधल्या संशोधकांनी हा संबंध २००४ मध्ये दाखवला. कोडीन या वेदनाशामकाचे शरीरात फार वेगाने मॉर्फिन करणारी मुले असतात, आणि त्यांतल्या काहींचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना ते देऊ नये असे बजावले. औषध लिहितात डॉक्टर, पण ते काढून देतो औषधनिर्माता आणि पाजते परिचारिका. या साखळीतला कोणीही "थांबा, आधी हे तपासले आहे का?" असे विचारू शकला पाहिजे.

यावर नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा, की जनुकीय समुपदेशक हे स्वतंत्र तज्ज्ञ असताना सर्वांना शिकवण्याचा खटाटोप कशाला? 'जनुकीय समुपदेशन' हा शब्दप्रयोग १९४७ मध्ये शेल्डन रीड यांनी रूढ केला, आणि त्याचे पहिले पदव्युत्तर शिक्षण अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झाले. हे तज्ज्ञ हवेतच, आणि पुष्कळ हवेत. पण रुग्ण त्यांच्यापर्यंत स्वतःहून पोहोचत नाही. त्याला कोणी तरी पाठवावे लागते. जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकत टेकत उभा राहणारा चार वर्षांचा मुलगा आधी दिसतो तो फिजिओथेरपिस्टला किंवा लसीकरणाच्या परिचारिकेला. त्या खुणेचा अर्थ तिला ठाऊक असेल तर ड्युशेन या आनुवंशिक स्नायुदुर्बलतेची शंका तिथेच येते आणि साध्या रक्ततपासणीने पुढची दिशा मिळते. ठाऊक नसेल, तर "उशिरा चालतो, होईल नीट" यात वर्षे जातात आणि दरम्यान आई पुन्हा गरोदर राहिलेली असते.

म्हणून अभ्यासक्रमात आणखी प्रकरणे घालावीत असे मी म्हणत नाही. ती आहेत तेवढीच पेलत नाहीत. आहे तोच विषय पहिल्या वर्षात संपवून न टाकता बालरोग, प्रसूती, कर्करोग या प्रत्येक विभागात रुग्णाच्या निमित्ताने पुन्हा समोर यावा, आणि मुख्य म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत यावा. जे परीक्षेत येत नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे कोणताही शिक्षक खाजगीत कबूल करील. त्याआधी शिक्षकांचेच प्रशिक्षण व्हायला हवे, कारण आमच्यापैकी अनेकांचे या विषयातले शिक्षण त्या एका प्रकरणापाशीच थांबले आहे. सेवेत असलेल्यांसाठी दिवसभराच्या व्याख्यानांपेक्षा, आपल्याच विभागातल्या एका खऱ्या अहवालावर नाव झाकून तासभर केलेली चर्चा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

त्या दिवशी बाईंना मी बाकावर बसवून घेतले, बाळाला खुशाल जवळ घ्या म्हणून सांगितले आणि त्यांच्या पतींचे रक्त तपासायला पाठवले. तेव्हापासून माझ्या तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न ठरलेला आहे: मी ती बाई होते, अहवाल पुढे करते आणि बाळाला जवळ घेऊ का असे विचारते. विद्यार्थिनीने एकही पारिभाषिक शब्द न वापरता दोन मिनिटांत उत्तर द्यायचे. पहिल्या खेपेला फार थोड्या जणी उत्तीर्ण होतात.

आपली विश्वासू,
एक परिचर्या-शिक्षिका